सोन्याला तूस नाही

माझ्या लॅपटॉपवर ‘झोळी’ नावाचं एक फोल्डर आहे. परवा मोजलं तर आत १,४१२ फाइली निघाल्या. गेल्या वर्षभरात त्यातल्या उघडल्या किती, तर चाळीसही भरल्या नाहीत.

पोटापाण्यासाठी मी वेबसाइटी बांधते आणि लोकांचे सर्व्हर लावून देते. नागपुरात अकरा वर्षं नोकरी केली. बाबूजींना अर्धांगाचा झटका आला तेव्हा महिनाभरासाठी म्हणून गोंदियाजवळच्या बिरसीला आले, त्याला आता नऊ वर्षं झाली. वरच्या खोलीच्या खिडकीतून धानाच्या बांध्या दिसतात, त्यांच्यापुढे विमानतळाचं कुंपण. ही धावपट्टी इंग्रजांनी १९४० साली युद्धाच्या धामधुमीत केली. २०२२ पासून इथे प्रवासी विमानंही उतरायला लागली, पण आमच्या कानांना सवय आहे ती वैमानिक व्हायला आलेल्या पोरांच्या छोट्या विमानांची. विमान उतरतं, चाकं टेकली न टेकली तोच पुन्हा उडतं, गावाला वळसा घालून परत येतं. दिवसभर हेच. आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीचं मत असं, की बिचाऱ्याले उतरताच येऊन नाही राहिलं.

झोळीत काय आहे ते सांगते. आमच्या धंद्यात कोऱ्या पानापासून कोणी सुरुवात करत नाही. साइटवर येणाऱ्याला साध्या पत्त्यावरून कुलूपवाल्या सुरक्षित पत्त्यावर वळवायचं असतं, त्याच्या तीन ओळी असतात. फॉर्म भरला की मालकाला मेल पाठवणारा एक तुकडा असतो. रात्री अडीच वाजता डेटाबेसची प्रत काढून ठेवणारी क्रॉनची ओळ असते. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र नव्वद दिवसांत संपतं, ते आपोआप नवं करून घेणारी आज्ञा असते. एकदा चाललेला तुकडा आम्ही जपून ठेवतो आणि पुढच्या कामात चिकटवतो. त्याला स्निपेट म्हणतात. मी २००९ मध्ये नोटपॅडच्या एका फाइलीत सुरुवात केली, मग ती पेनड्राइव्हवर गेली, मग प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये.

‘झोळी’ हे नाव आजीने दिलं. आजीचं माहेर मोर्शी तालुक्यातलं, घराणं महानुभाव, रिद्धपूर बैलगाडीने जाऊन यायच्या अंतरावर. दारात कोणीही आलं तरी ती ‘दंडवत प्रणाम’ म्हणायची, कुरिअरवाल्यालासुद्धा. एका दुपारी माझ्या मागे उभी राहून ती बराच वेळ पडद्याकडे बघत होती.

“हे कोणाचं उतरवून घेऊन राहिली व?”

“इंटरनेटवरचं आहे, आजी. लोकांनीच लिहून ठेवलंय. कोणीही घ्यावं.”

“मंग भिक्षाच झाली थे.” थोडं थांबून म्हणाली, “पण भिक्षा उद्यासाठी ठेवत नाहीत, बाई.”

ती सहज बोलली आणि तुळशीला पाणी घालायला गेली. मी मात्र त्या वाक्याला अडकले ती अजून सुटलेली नाही. भिक्षू चार घरी हिंडतो, जे पडेल ते एकत्र कालवून खातो, आणि उरलं तर ठेवत नाही, कारण ठेवण्यात उद्याची भीती आहे. माझ्या १,४१२ फाइलींत भीतीच जास्त आहे. कुठल्या तारखांना किती तुकडे जमा झाले ते गिट सांगतं. ज्या रात्री कोणाची साइट पडली होती, त्या रात्री पंधरा-वीस तुकडे एकदम आलेले दिसतात. त्यातला एक कामाला आला, बाकीचे ‘असू दे’ म्हणून राहिले. यात एक फसवणूकही आहे: तुकडा जतन केला की तो शिकल्यासारखं वाटतं. पुस्तक विकत घेतलं की वाचल्यासारखं वाटतं, तसंच. मग हे माझं ज्ञान म्हणायचं की माझा परिग्रह?

एका रविवारी कागद-पेन घेऊन बसले आणि लॅपटॉप बंद ठेवून झोळीतलं काय काय आठवतं ते लिहीत गेले. असं करायची बुद्धी लीळाचरित्रामुळे झाली. चक्रधरस्वामींच्या आठवणींचा तो ग्रंथ म्हाइंभटांनी रिद्धपुरात १२७८ च्या सुमारास सिद्ध केला. परंपरा सांगते की पुढे मूळ पोथी धाडीत गेली आणि ज्यांच्या ती मुखी होती त्यांच्या स्मरणातून पुन्हा उभी करावी लागली. म्हणून आज तिचे वेगवेगळे पाठ आहेत, त्यातला एक हिराइसेच्या नावाने ओळखला जातो. म्हटलं, आपली पोथी उद्या गेली तर आपल्या मुखी किती आहे ते तरी बघू.

सत्तावीस. चौदाशे बारांतले सत्तावीस तुकडे मला न बघता लिहिता आले.

ते सत्तावीस कोणते, हे बघताना जास्त नवल वाटलं. ते सोपे होते असं नाही, रोजच्या वापरातले होते असंही नाही. त्या प्रत्येकामागे एक गोष्ट होती: कोणाची तरी साइट, कुठली तरी रात्र, कोणीतरी फोनवर ओरडलेलं. गोष्ट आठवली की तुकडा तिच्या मागोमाग येत होता.

आजीची एक वही माझ्याकडे आहे. शाळेची दोनशे पानी, कव्हराला खाकी कागद. त्यात तिने सूत्रपाठ उतरवला होता, सगळा नव्हे, तिला भावलेला. हा सूत्रपाठ कसा झाला ते आमच्या धंद्यातल्या माणसाने समजून घेण्यासारखं आहे. म्हाइंभट लीळा गोळा करत माणसांमागे हिंडले होते. ही घटना कोणासमोर घडली, त्याला गाठायचं, त्याच्या तोंडून ऐकायचं, मग लिहायचं. पण लीळा लांब असतात, पाठ करायला जड. मग केसोबासांनी त्यातून स्वामींची वचनं तेवढी वेगळी काढून लावली. त्यांना मी मनातल्या मनात मराठीतले पहिले स्निपेट जमवणारे म्हणते; महानुभाव मंडळींनी रागावू नये. वचन सुटं झालं, हलकं झालं, दूर जाऊ लागलं. आणि लगेच अडचण आली. हे कोणाला म्हटलं होतं? आजाऱ्याला की धडधाकटाला, नव्या शिष्याला की जुन्या? एकाला दिलेली आज्ञा दुसऱ्याने गळ्यात बांधून घेतली तर? म्हणून पुढच्यांना ‘प्रकरणवश’ नावाचं वाङ्मयच घडवावं लागलं: कोणतं सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघालं ते सांगणारं. एकाने फांदी तोडून आणली, दुसऱ्याला तिचं झाड शोधत परत जावं लागलं.

आजीच्या वहीत डाव्या पानावर सूत्र आणि उजव्या पानावर प्रकरण. ती सूत्र कधीच नुसतं म्हणायची नाही. आधी गाव, मग माणूस, मग काय घडलं, आणि शेवटी ते चार-पाच शब्द. लहानपणी मी कंटाळून म्हणायचे, आजी, शेवटचंच सांग ना. ती म्हणायची, शेवटचं घेऊन काय करशील, थे तर कोणालेही लागू होते. काही ठिकाणी उजवं पान कोरं आहे. तिला प्रकरण सापडलं नव्हतं. डावीकडचं सूत्र तिने खोडलं नाही, पण ते ती कोणाला सांगायचीही नाही.

आता माझ्या फजितीची गोष्ट.

नागपूरच्या एका निवृत्त संस्कृत प्राध्यापकांना साइट हवी होती. विद्यार्थ्यांनी शंका विचाराव्यात, सरांनी उत्तर द्यावं, एवढंच काम. त्याच महिन्यात मी गोंदियाच्या एका राइस मिलची साइट केली होती, चौकशीच्या फॉर्मसकट. फॉर्म तोच, म्हणून तुकडाही तोच. नाव बदललं, रंग बदलला, ‘धानाची जात’ या रकान्याच्या जागी ‘शंकेचा विषय’ टाकलं. मेल कोणाला जायचा तो पत्ता तेवढा राहिला.

एकोणीस दिवस सर वाट बघत होते, आपल्याला कोणी काही विचारत कसं नाही. विसाव्या दिवशी मिलवाल्यांचा फोन.

“ताई, तुमच्या फॉर्ममधी काहीतरी गडबड आहे. एक जण विचारून राहिला, अनुवृत्ती कुठपर्यंत न्यायची. मी त्याले लिहून देलं, आपण बालाघाटच्या पुढं माल नेत नाही.”

अनुवृत्ती म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पाणिनीने व्याकरणाचे सगळे नियम सुमारे चार हजार सूत्रांत बसवले, कारण एका सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रांत पुन्हा लिहायचा नाही, तो आपोआप खाली वाहत येतो. कुठपर्यंत वाहू द्यायचा हा विद्यार्थ्यांना छळणारा प्रश्न. मिलवाल्यांचं उत्तर काही इतकं वाईट नव्हतं: एका हद्दीच्या पुढे माल नेऊ नये.

सरांना फोन करून माफी मागितली. ते इतके हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाले, “अगं, ही तर ऊहाची चूक. तुझ्या आधी पुष्कळ जणांनी केलेली आहे.” आणि त्यांनी तासभर मला जैमिनीची मीमांसा सांगितली. मी खरडून घेतलं ते असं.

वेदात शेकडो याग सांगितलेले आहेत, पण प्रत्येकाची सगळी कृती प्रत्येक ठिकाणी दिलेली नाही. एखाद्या यागाची कृती पूर्ण दिलेली असते, जशी दर्शपूर्णमासाची. तिला प्रकृती म्हणतात. इतर यागांबद्दल नुसतं एवढंच, की अमक्या फळासाठी सूर्याला चरू द्यावा. कसा द्यावा? प्रकृतीत जसं केलं तसं. त्या विकृती. ही कृती इकडून तिकडे नेणं म्हणजे अतिदेश. मीमांसासूत्रांचे बारा अध्याय आहेत, त्यातले सातवा आणि आठवा यावरच खर्ची पडले आहेत. आता नेलेल्या मंत्रात नाव असतं अग्नीचं आणि इथे देवता आहे सूर्य. तेव्हा मंत्रातलं नाव बदलावं लागतं. तो ऊह, नववा अध्याय. “तू अतिदेश बरोबर केलास,” सर म्हणाले, “ऊह विसरलीस. आहुती दिली सूर्याला, पोचली अग्नीला.”

मी म्हटलं, सर, पोचली मिलमध्ये.

“मिल कसली? धानाची? मग बाधाचंही ऐक.” दहावा अध्याय. प्रकृतीत साळी कांडायला सांगितल्या आहेत. पण एका यागात धानाऐवजी सोन्याचे गुंजेएवढे कण असतात, शंभर, दीर्घायुष्य हवं असलेल्यासाठी. कृती नेली म्हणून सोनंही उखळात घालून कांडायचं का? मीमांसक म्हणतात, नाही. कांडण्याचं काम काय, तर तूस काढणं. सोन्याला तूस नाही, म्हणून कांडणं गळतं. याला बाध म्हणायचं. पुढचा भाग ऐकून मी खुर्चीत सरळ बसले: ते सोनं तुपात शिजवायचं मात्र असतं. सोनं काही शिजत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते शिजवणं उसनं आलेलं नाही, त्याच यागात तसं स्पष्ट वचन आहे, म्हणून करायचं. माझ्या कामात अशा ओळी किती असतात! काही होत नाही त्यांनी, पण मालकाने लिहून दिलेलं असतं की पाहिजे, म्हणून असतात.

धानाच्या मुलखात जन्म गेला, मिलच्या तुसाचे डोंगर रस्त्याच्या कडेला बघत शाळेत गेले, आणि कांडणं का करायचं हा प्रश्न मला फॉर्ममधल्या चुकीमुळे कळला.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी स्वतःच्या सगळ्या साइटी एकेक करून उघडल्या. एका लग्नकार्यालयाची साइट होती, साधी पाच पानांची, डेटाबेस नावाची वस्तूच नसलेली. तिच्या सर्व्हरवर रोज रात्री अडीच वाजता नसलेल्या डेटाबेसची प्रत काढली जात होती. सात महिने. रोज एक रिकामी फाइल, तारीख घातलेली, ओळीने लावलेली. मी ती क्रॉनची ओळ काढली आणि तिच्या जागी टिपण लिहिलं: ‘सोन्याला तूस नाही.’ तेव्हापासून उसन्या तुकड्यातली गैरलागू ओळ काढली की मी हेच लिहिते. आणि पत्ता, नाव, परवाना बदलला की ‘अग्नीचा सूर्य केला’.

आमच्या एडिटरमध्ये स्निपेट ठेवायची सोय आहे. बदलायच्या जागा आधी रिकाम्या ठेवता येतात. टॅब दाबला की कर्सर पहिल्या रिकाम्या जागी जाऊन थांबतो, पुन्हा दाबला की दुसऱ्या. ऊहाचं यंत्रच म्हणा. पण कुठे थांबायचं एवढंच ते सांगतं. इथला सूर्य कोण, ते मला ठाऊक असावं लागतं, आणि कुठली जागा रिकामी ठेवायची हे तर तुकडा साठवतानाच कळायला हवं. माझ्या तुकड्यात पत्त्याची जागा रिकामी नव्हती. कारण साठवताना जगात एकच मिल होती.

टपरीवर एकदा एका शिकाऊ वैमानिकाशी बोलणं झालं. त्याच्या खिशात प्लास्टिक चढवलेली यादी होती, उडण्याआधी काय काय बघायचं त्याची. मी विचारलं, पाठ नाही झाली? म्हणाला, पाठ आहे, तरी वाचायचीच असते. १९३५ मध्ये अमेरिकेत बोइंगचं एक नवं विमान सुकाणूचं कुलूप काढायचं राहिलं म्हणून उडता-उडता पडलं, तेव्हापासून ही रीत पडली. यादीच्या अगदी वर विमानाचा प्रकार छापलेला होता. एका इंजिनाच्या विमानाची यादी दोन इंजिनांच्या विमानात नेली तर? त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी चहाचे पैसे देऊन टाकले.

वापरलेली वस्तू उष्टी होते का, हाही एक प्रश्न मला बरेच दिवस होता. एकाच्या साइटसाठी लिहिलेलं दुसऱ्याला द्यायचं आणि पुन्हा पूर्ण पैसे घ्यायचे. देवाला वाहिलेलं फूल आपण पुन्हा वाहत नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, फूल निर्माल्य होतं, पण दर्भ, मंत्र, अग्नी यांना धर्मशास्त्र ‘अयातयाम’ म्हणतं, म्हणजे शिळं न होणारं. तेच पुन्हा पुन्हा वापरायला मुभा आहे. माझ्या मनावरचा भार उतरला, पण कोड काही दर्भाच्या पंगतीत बसत नाही. माझ्या २००९ च्या फाइलीतला डेटाबेसशी बोलणारा पीएचपीचा तुकडा तेव्हा सगळं जग वापरायचं. डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपीच्या सातव्या आवृत्तीतून ती आज्ञाच काढून टाकली. कुलूपवाल्या पत्त्यामागच्या टीएलएसच्या जुन्या दोन आवृत्त्या २०२० पासून ब्राउझरांनी बंद केल्या. माझ्याकडे त्या चालू ठेवणाऱ्या ओळी अजून आहेत, नीट नाव देऊन. आणि कुठल्याही फाइलीवर कोणालाही काहीही करू देणारी ती सातशे सत्याहत्तरची आज्ञा झोळीत आठ ठिकाणी सापडली. घाईच्या वेळी दार तोडून आत गेल्याच्या आठ खुणा. त्या मी ठेवल्या आहेत, पण वर ‘पाप’ असं लिहून.

शिळी होते ती ओळ. ती का लिहावी लागली ते कारण सहसा शिळं होत नाही. कुलूपवाल्या पत्त्यावर माणसाला वळवायचं कारण २००९ मध्ये होतं ते आजही आहे, ओळी तीनदा बदलल्या. केसोबासांच्या दृष्टांतपाठात प्रत्येक ठिकाणी तीन थर आहेत: सूत्र, त्याचा दृष्टांत आणि मग दार्ष्टांतिक, म्हणजे त्या गोष्टीतलं काय या सूत्राला लागतं त्याची फोड. पहिले दोन स्वामींचे, तिसरा केसोबासांचा स्वतःचा. उतरवून घेणाऱ्याची कमाई असेल तर ती या तिसऱ्या थरात. माझ्या झोळीत पहिल्या थराचा ढीग आहे, दुसरा सत्तावीस ठिकाणी, तिसरा मी आता कुठे लिहायला लागले आहे.

आणि तो मराठीत लिहिते. धंद्यातले लोक हसतात, टिपणं इंग्रजीत असावीत म्हणतात. केसोबास संस्कृतात ग्रंथ करायला निघाले तेव्हा त्यांच्या गुरूंनी, नागदेवाचार्यांनी, त्यांना अडवलं, की अशाने माझ्या म्हाताऱ्यांना काही मिळायचं नाही. माझ्या मिलवाल्यांच्या मुनीमजींनी एकदा मी गावाला गेले असताना माझं मराठी टिपण वाचून स्वतः सर्व्हर पुन्हा चालू केला. इंग्रजी टिपण वाचून त्यांनी तो बंद केला असता असं मी म्हणत नाही, पण हात लावला नसता.

घेतलेल्याचं नाव ठेवावं की नाही, यावर मात्र माझं मत पक्कं आहे. फुकट वाटलेल्या कोडच्या परवान्यांतला सगळ्यात साधा म्हणजे एमआयटीचा. वापरा, बदला, विका, अट एवढीच की मूळ लिहिणाऱ्याच्या नावाची सूचना काढायची नाही. तीही लोक काढतात. मीही काढलेली आहे, दोन ओळी वाचवायला. धानाचंही तेच. आमच्याकडे घरोघरी एचएमटी तांदूळ शिजतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या छोट्याशा शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं पेरून त्या वाणाची निवड केली आणि बियाणं लोकांना दिलं. वाण हातोहात गेला. नाव पडलं ते त्या काळच्या मनगटी घड्याळाचं. दादाजी २०१८ मध्ये गेले. मी नागपुरात मेसवर अकरा वर्षं तो भात खाल्ला, तेव्हा ते कोण हे मला माहीत नव्हतं. आता एआयच्या यंत्रालाच विचारलं की ते कोडचा तुकडा लिहून देतं, छान देतं, पण कुठल्या घरची भिक्षा ते सांगत नाही. अशा तुकड्यासमोर मी आजीसारखं उजवं पान कोरं ठेवते. चालतो, म्हणून डावीकडे असतो.

तर परिग्रह की ज्ञान? आजीला आज उत्तर द्यायचं झालं तर म्हणेन, ज्याचं प्रकरण मला सांगता येतं तेवढं दुसऱ्याला देण्याजोगं. बाकीची साठवण, आणि तिची मला भीतीपोटी गरज आहे, हे कबूल. ती यावर काय म्हणाली असती? बहुतेक, “मंग बाकीचं कायले ठेवते?” आणि मला उत्तर आलं नसतं.

कामठ्याचा एक पोरगा गेल्या वर्षापासून माझ्याकडे शिकायला येतो. हुशार आहे, बोटं भराभर चालतात. त्याला झोळीची प्रत दिली. आठवड्याने आला आणि अभिमानाने म्हणाला, ताई, मी सगळी साफ केली, मधे-मधे लिहिलेलं ते काढलं, फाइली निम्म्या झाल्या. मी काही बोलले नाही. सूत्र सुटं केल्याशिवाय केसोबासांनाही गत्यंतर नव्हतं.

परवा रात्री साडेदहाला त्याचा फोन आला.

“ताई, नवीन साइट लावून राहिलो. फॉर्म भरला की पूर्ण एक मिनिट गोल फिरत राहते, मंग बंद पडते. झोळीतलीच ओळ आहे, साठ आकडा आहे तिच्यात. कायची आहे ही?”

“कोणासाठी लावली होती?”

“थे मले काय माहीत?”

“केव्हाची आहे?”

तो गप्प. मग हळूच म्हणाला, “वर लिहिलं होतं बहुतेक.”

“गिटमध्ये माझी जुनी प्रत असेल. काढ. वाचून दाखव.”

कळफलकाचा आवाज आला, थोड्या वेळाने तो वाचायला लागला. “गोंदियाची मिल. जुलै. रोवण्याचे दिवस, सकाळपासून तीनदा लाइट गेली. त्यांचं इंटरनेट रडत-रडत चालते, मेल जायच्या आत साइट दम सोडते, म्हणून थांबायची मुदत साठ सेकंद केली. लाइन सुधारली की ही ओळ काढायची.”

“हं.”

“मंग? सुधारली का त्यांची लाइन?”

मी म्हटलं, ते सकाळी मिलमध्ये जाऊन विचारावं लागेल.